मार्थाबाईंची कुऱ्हाड

छावणीतल्या आमच्या चर्चनं गेल्या वर्षी स्मरणिका काढली. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर पाद्रीसाहेबांचा फोटो, मागे सिमेंटवाल्याची जाहिरात. मध्ये कुठेतरी अर्ध्या पानावर मार्थाबाई. ‘शांत, सोशिक व प्रेमळ स्वभावाच्या मार्थाबाईंनी आपल्या मृदू वाणीनं मंडळीची सेवा केली.’ मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग ती स्मरणिका कपाटावर भिरकावली, ती अजून तिथेच पडली आहे.

शांत! मृदू वाणी! लिहिणाऱ्यानं बाईंना पाहिलेलं नाही हे उघड आहे. पण ज्यांनी पाहिलं होतं त्यांची नातवंडं आज कमिटीत आहेत. त्यांना घरी कुणी काहीच सांगितलं नसेल? नसणारच. सांगायचं तर बाई कशावरून चिडल्या होत्या तेही सांगावं लागलं असतं. माणूस मेलं की त्याला शांत करून टाकायचं, मग पुढच्यांची सोय होते. मला आता या वयात कुणाची भीड उरलेली नाही, म्हणून स्पष्ट सांगते. मार्थाबाई चिडक्या होत्या. सकाळी उठायच्या त्या चिडलेल्या, आणि रात्री गुडघे टेकायच्या त्याही चिडलेल्याच.

हे मला ठाऊक आहे कारण आमच्या दोघींच्या खोल्यांमधली भिंत कौलांपर्यंत पोचत नव्हती. मी नगरहून औरंगाबादेत आले तेव्हा विशीत होते. निजामाचा मुलूख. नाक्यावर करोडगिरीवाल्या, म्हणजे जकातीच्या, शिपायानं माझी ट्रंक उपसून पाहिली. पाट्या उर्दूत, पैसा वेगळा. मिशनच्या मुलींच्या शाळेत नोकरी आणि आवारातच राहायला खोली मिळाली. पहिल्याच रात्री पलीकडून प्रार्थना ऐकू आली. ‘देवा, आज पुन्हा तेच झालं. तू बघायलास ना? मग बोलत का नाहीस? का मीच बोलू सगळ्यांशी?’ मला वाटलं, पलीकडे कुणी पाहुणा आलाय आणि बाई त्याला झापताहेत.

बाई त्याच शाळेत शिकवायच्या. उंच, हाडापेरानं मजबूत. निळ्या काठाचं पांढरं लुगडं आणि बाराही महिने हातात पुरुषी काळी छत्री. लहान वयात वैधव्य आलेलं, मूलबाळ नाही. वडील दौलताबादच्या किल्ल्याखाली एका जहागीरदाराच्या अंजिराच्या बागेत माळी होते, तिथेच बाईंचं लहानपण गेलं. वर्गात त्या अगदी पुस्तकी मराठी बोलत. राग आला की दौलताबाद बाहेर यायचं. ‘हे योग्य नाही’ म्हणाल्या तर मुली निर्धास्त असत. ‘ह्ये काय करायलीस गं?’ आलं की आख्खा वर्ग बाकाखाली बघू लागायचा.

आणि कुऱ्हाड. सरपण फोडायला गडी मिळायचा, पण बाई स्वतः फोडायच्या. संध्याकाळी शाळा सुटली की त्यांच्या दारापुढे ठोके सुरू व्हायचे. दिवस कसा गेला हे ठोक्यांवरून आवारातल्या सगळ्यांना कळायचं. चर्चच्या पंचांची बैठक झाली की दोन दिवसांचं सरपण एका संध्याकाळी फुटायचं.

त्यांचं एक वाक्य मुलींना पाठ होतं. ‘पानं नको दाखवू मला, फळ दाखव.’ एस्तेर नावाची एक हुशार मुलगी होती, मिशनच्या दवाखान्यातल्या दाविदराव कंपाउंडरांची. दाविदराव म्हणजे मंडळीच्या पंचांमधले मुख्य. कांजी केलेला कोट, खिशाला घड्याळ, बोलण्यात ‘हळूहळू’ हा शब्द वारंवार. एकदा पाद्रीसाहेब शाळा पाहायला आले तेव्हा एस्तेरनं शास्त्रातली वचनं घडाघडा म्हटली. साहेब खूश झाले. बक्षीस म्हणून विलायतेहून आलेली रंगीत चित्रांची पेटी टेबलावर होती. ती साहेबांनी उचलली, तेवढ्यात बाई म्हणाल्या, ‘थांबा. पाठांतर झकास आहे. झाडाला पानं लई आहेत. पण सकाळी हिनं पहिलीतल्या पोरीची पाटी फोडली आणि नाव दुसरीवर घातलं. बक्षीस कपाटात राहील. मी महिनाभर वाट बघते.’

साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. एस्तेर रडत घरी गेली आणि तिची आई रूथबाई त्या दिवसापासून बाईंशी बोलेनाशी झाली. रस्त्यात समोरासमोर आल्या तरी पदर ओढून पुढे. महिना संपत आला तेव्हा एस्तेरनं आपली पाटी त्या लहान पोरीला नेऊन दिली आणि खरं काय ते सांगितलं. बाईंनी कपाट उघडलं, पेटी तिच्या हातात ठेवली. मला वाटलं, आता तरी दोन गोड शब्द बोलतील. ‘घे. पुढच्या टायमाला इतका वेळ लावू नकोस,’ एवढंच बोलल्या.

आमच्याकडे होळीच्या सुमारास सुगीची उपासना असते. आपल्या शेतातलं, परसातलं पहिलं पीक देवापुढे आणून ठेवायचं, मग त्याचा लिलाव. खेड्यातले लोक कणसं आणत, लसूण आणत, अंडी आणत. शहरातल्या नोकरदार मंडळींकडे शेत कुठलं? ते आदल्या संध्याकाळी शहागंजच्या बाजारातून संत्री आणत आणि टोपलीला झालर लावून वेदीपाशी मांडत. दाविदरावांची टोपली नेहमी सगळ्यांत मोठी. बाईंनी त्यांना दारातच गाठलं.

‘दाविदराव, ही संत्री कुणाची?’

‘आमच्याकडची, बाई. देवाच्या चरणी.’

‘तुमच्याकडं झाड कुठाय?’

‘शहागंजातून घेतली.’

‘म्हणजे फळ बागवानानं आणलं. तुम्ही काय आणलं?’

दाविदराव हसले. त्यांना वाटलं विषय संपला. पुढच्या वर्षी उपासना सुरू व्हायच्या आत बाई शहागंजच्या चाँदमियाँ बागवानालाच घेऊन आल्या आणि पहिल्या बाकावर, दाविदरावांच्या शेजारी बसवलं. बिचारा डोक्यावरची टोपी सारखी नीट करत होता. पहिलं गाणं झालं तसा तो मोठ्यानं कुजबुजला, ‘अम्मा, मेरेकू कायकू बिठाए इधर? दुकान खुला पड्या है!’

‘बैठो भाई,’ बाई म्हणाल्या, ‘आज यहाँ सब माल तुम्हाराच है.’

पोरं खिदळली. दाविदरावांची मान कानापर्यंत लाल झाली. साहेबांनी गाण्याचं पुढचं कडवं मोठ्यानं सुरू केलं. चाँदमियाँला मात्र बाईंनी नंतर स्वतःच्या हातचा चहा पाजला आणि दुकान बुडवल्याबद्दल माफी मागितली. त्यांना माफी मागताना मी पाहिलेला हा एकच प्रसंग.

हे सगळं गमतीचं वाटतं. आम्हीही हसायचो. हसणं थांबलं ते विहिरीवरून.

त्या साली पाऊस गेला. दिवाळीनंतर फुलंब्रीच्या पलीकडच्या एका गावातून पाच-सहा कुटुंबं आमच्या आवारात आली. बाप्तिस्मा घेऊन त्यांना वर्षसुद्धा झालं नव्हतं. गावात काम नाही, पाणी नाही, आणि धर्म बदलला म्हणून पाटलानं दार बंद केलेलं. साहेबांनी शाळेमागचा घोड्यांचा जुना तबेला त्यांना राहायला दिला. त्यांच्यातला वडीलधारा माणूस म्हणजे भिवाबा. दोर वळणं हा त्या लोकांचा पिढीजात धंदा. आल्या दिवसापासून भिवाबा अंबाडीचा वाख मांडीवर घेऊन वळत बसलेला असायचा.

आवारात एकच विहीर, आणि पंचांनी ठरवलं की तबेल्यातल्यांनी दोराला हात लावायचा नाही. त्यांनी मडकी लांब मांडून ठेवायची, आपल्यातला कुणीतरी वरून पाणी घालील. वेळ मिळेल तेव्हा.

आता नीट ऐका, कारण स्मरणिकेत हे नाही. दाविदरावांचे आजोबा, इतर पंचांचे आजोबा, हे कुठून आले होते? त्यांनाही त्यांच्या गावात कुणी विहिरीला शिवू दिलं नव्हतं. तेही असेच मडकं घेऊन लांब उभे राहिले होते. मिशननं त्यांना जवळ केलं, शिकवलं, दवाखान्यात, शाळेत, रेल्वेत चिकटवलं. दोन पिढ्यांत कोट आले, घड्याळं आली. आणि ज्या जातीला त्यांचे आजोबा आपल्याहून खालची समजत, ती दारात आल्याबरोबर यांना आपली जात आठवली! बाप्तिस्म्याच्या पाण्यात ती बुडाली नव्हती. चांगली पोहत होती.

बाई पंचांच्या बैठकीत घुसल्या. बायकांना तिथे जागा नव्हती, त्या उभ्याच राहिल्या. मी दाराबाहेर होते.

‘गव्हाणीत जन्मलेल्याची गाणी म्हणता,’ बाई कडाडल्या, ‘आणि तबेल्यातल्या लेकरांना पाण्यासाठी ताटकळत ठेवता? लाज नाय वाटत?’

‘बाई, आम्ही नाही म्हणत नाही,’ दाविदराव शांतपणे म्हणाले. ‘पण लोकांच्या मनाची तयारी हळूहळू होईल. एकदम ताणलं तर मंडळी फुटेल.’

‘फुटू द्या! पाण्यावाचून माणूस मरण्यापरीस मंडळी फुटलेली बरी.’

त्या रविवारी साहेबांनी बाईंना थंड करण्यासाठी मुद्दाम उपदेश केला. येशूनं सांगितलेला अंजिराच्या झाडाचा दाखला. मालक तीन वर्षं फळ शोधायला येतो, फळ नाही. तोडून टाक म्हणतो. माळी म्हणतो, मालक, आणखी एक वर्ष राहू द्या. साहेब म्हणाले, देव असा धीर धरणारा आहे, म्हणून आपणही एकमेकांबाबत धीर धरू. पंच माना डोलवत होते. बाहेर पडताना बाईंनी साहेबांना पायरीवरच धरलं.

‘साहेब, अर्धाच दाखला सांगितलात.’

‘कसं, बाई?’

‘माझा बाप माळी होता. माळी मुदत मागतो ती खणायला मागतो, झोपायला नाय. मी भवताली खणतो, खत घालतो, असं म्हणालाय तो. अन् एक वर्ष म्हणालाय. कायम न्हवं. ह्या लोकांना देवानं शाळा दिली, दवाखाना दिला, दोन पिढ्या खत घातलं. आता ह्यांनी काय द्यायचं ते कोण विचारणार? देव धीर धरतो ते ह्यांना सवड मिळावी म्हणून व्हय?’

साहेब भले गृहस्थ होते. ‘तुमचा राग मला समजतो,’ म्हणाले.

‘समजून काय करू? विहिरीवर या.’

साहेब आले नाहीत. पुढच्या रविवारी बाई प्रार्थनेला आल्या त्या खांद्यावर कुऱ्हाड टाकून.

चर्चच्या अंगणात खरोखरच एक अंजिराचं झाड होतं. पहिल्या पाद्र्यानं लावलेलं, हाताएवढाल्या पानांचं, आणि फळाच्या नावानं शून्य. बाईंनी कुऱ्हाड त्याच्या खोडाला टेकवली, आत जाऊन प्रार्थनेला बसल्या, आणि जाताना ती उचलून घरी नेली. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. तोंडातून एक शब्द नाही.

पंच हादरले. बैठकीवर बैठक झाली. आणि या शहाण्या माणसांनी ठरवलं काय? झाड वाचवायचं! बाई संतापी आहेत, एखाद्या दिवशी घाव घालतील, पहिल्या पाद्रीसाहेबांची आठवण जाईल. झाडाला फळ आलं तर त्यांचं तोंड बंद होईल. मग बाभळीच्या काट्यांचं कुंपण झालं. छावणीतल्या पागेतून गाडीभर लिदीचं खत आलं. दाविदरावांनी कोट काढून स्वतः आळं खणलं. आणि सकाळ-संध्याकाळ बादल्यांवर बादल्या पाणी. त्याच विहिरीचं! तळ दिसायला लागलेल्या विहिरीतून पाणी शेंदून अंजिराला घालत होते, आणि पलीकडे सहा मडकी लांब मांडून भिवाबाची बायको उन्हात बसलेली असायची. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या दिवसांत बाईंचं सरपण इतकं फुटलं की ठेवायला जागा उरली नाही.

झाडाला फळ आलं. खरंच आलं. होळीपर्यंत फांद्या अंजिरांनी लगडल्या.

सुगीच्या उपासनेला दाविदरावांनी टोपलीभर अंजिरं वेदीपुढे ठेवली. या वर्षी झालर नव्हती. त्यांचा आवाज भरून आला होता, आणि मला वाटतं तो खोटा नव्हता. ‘या वर्षी बाजारचं काही आणलं नाही,’ ते म्हणाले. ‘देवाची कृपा आणि आमच्या हातचं काम. बाईंच्या कुऱ्हाडीनं का होईना, झाडानं फळ दिलं.’ लोक हसले. सगळ्यांनी वळून बाईंकडे पाहिलं.

बाई उठल्या. आता त्याही हसतील असं सगळ्यांना वाटलं.

‘झाडानं दिलं,’ बाई म्हणाल्या. ‘झाडाला पाणी घातलं, झाडानं फळ दिलं. आता तुम्ही द्या.’

कुणी हललं नाही. बाईंनी टोपली उचलली, काखेत धरली आणि बाहेर पडल्या. आम्ही सगळे मागोमाग. जाताना त्यांनी खोडाची कुऱ्हाड उचलली. ‘झाड, झाड!’ असं दाविदराव ओरडले. बाईंनी झाडाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ शाळेमागे गेल्या, अंजिरं तबेल्याच्या दारात पोरांपुढे ओतली, विहिरीपाशी आल्या, रहाटाचा दोर काठावर ओढला आणि एका घावात तोडला. बादली आत पडल्याचा आवाज वर आला.

तोडलेल्या दोराचं टोक हातात घेऊन बाईंनी हाक मारली, ‘भिवाबा, इकडं ये. ह्यो दोर कुणी वळलाय?’

भिवाबा बिचकत पुढे आला. दोर बोटांनी चाचपला. ‘आमच्याच लोकांनी, बाई. ह्या मुलखात दुसरं कोण वळतंय दोर?’

‘ऐकलं?’ बाई गरकन वळल्या. ‘ह्यांच्या हातचा दोर रोज तुमच्या पाण्यात बुडतोय. तुमचे आजे आले तवापासून बुडतोय. तेव्हा नाय विटाळलं पाणी? आता नवा दोर भिवाबा वळंल. अन् जो वळंल त्योच पहिला ओढंल. ज्याला प्यायचं त्यानं प्यावं, नाय त्यानं तहानलेलं राहावं!’

इतकी वर्षं त्या विहिरीचं पाणी पिऊन, दोर कोण वळतो हा विचार एकाच्याही डोक्यात आला नव्हता. पंच तसेच पाय ओढत घरी गेले.

भिवाबानं दोर वळला, रहाटाला बांधला आणि पहिली बादली ओढली. ती त्यानं बाईंपुढे धरली. ‘मला कशाला? तू पी आधी,’ बाई खेकसल्या. तो प्यायला, त्याची बायको प्यायली, पोरं प्यायली. मग बाई प्यायल्या, मी प्यायले. हळूहळू निम्मं आवार रांगेला आलं. उरलेलं निम्मं शहरातल्या नहरीच्या, म्हणजे जुन्या कालव्याच्या, हौदावरून पाणी आणू लागलं. दाविदरावांकडे त्यासाठी एक माणूस ठेवला होता.

अर्थात हे कुणाला पचणार नव्हतं. आठवडाभरात साहेबांनी बाईंना व्हरांड्यात बोलावून सांगितलं की मंडळीत शांतता राहावी म्हणून त्यांची बदली सोयगावला होत आहे. एका खोलीची शाळा, मूठभर मुली. आयुष्य घालवलेल्या जागेवरून असं उठवताना साहेबांना मान वर करता येईना.

‘सोयगावला विहीर आहे का?’ बाईंनी विचारलं.

‘असेल की.’

‘मग जाते.’

शांतता राहावी म्हणून! म्हणजे त्या स्मरणिकेतला ‘शांत’ शब्द आजचा नाही, तेव्हाचाच आहे. बाईंना हाकलून मंडळी शांत झाली, आणि पुढे तोच शब्द बाईंनाच चिकटवला.

त्या निघाल्या त्या दिवशी छावणीच्या नाक्यावर मोटार उभी होती. सामान म्हणजे एक ट्रंक, छत्री आणि गोणपाटात गुंडाळलेली कुऱ्हाड. भिवाबाची माणसं आली होती, शाळेतल्या मुली आल्या होत्या. पंचांपैकी कुणीही नाही. बाई खिडकीशी बसून समोर बघत होत्या. रडणाऱ्या मुलींना ‘रडू नका, शाळा भरायची वेळ झालीय’ म्हणून झालं होतं. ड्रायव्हर गाडी सुरू करायला पुढचा दांडा फिरवू लागला.

तेवढ्यात आवाराकडून एक बाई लगबगीनं येताना दिसली. डोक्यावर पदर, काखेत कळशी, हातात पितळी पेला. जवळ आली तेव्हा ओळखलं. रूथबाई. दाविदरावांची बायको. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं झालेलं. दोर ओढायची सवय नव्हती, दोन्ही तळहात लालबुंद झाले होते.

मोटारीपाशी येऊन ती धापा टाकत उभी राहिली. इतक्या वर्षांत ती बाईंशी बोलली नव्हती.

‘भिवाबाच्या मंडळीच्या मागं रांगेत उभी होते,’ ती शेवटी म्हणाली. ‘मी आधी प्यायले बाई. मग आणलंय.’

तिनं पेला भरून खिडकीतून दिला. बाईंनी तिच्या तळहातांकडे पाहिलं. मग पेला तोंडाला लावला आणि न थांबता सगळा प्यायल्या. गाडी सुरू होऊन थरथरायला लागली होती.

‘लई उशीर केलास गं,’ बाई रागानं म्हणाल्या, आणि रिकामा पेला तिच्यापुढे धरला. ‘ओत आणखी.’